एका मजल्यावर एकटी बाई नको

मी, श्रीमती रमा चारुदत्त कर्णिक, वय एकाहत्तर, राहणार वडाळे तलावाशेजारी, जुने पनवेल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझे डोके जागेवर आहे. हृदयाची एक झडप जागेवर नाही. ती परवा गुरुवारी बदलणार आहेत. तरुण डॉक्टर म्हणाले, "आजी, टेन्शन घेऊ नका, आमची ही रोजची ऑपरेशनं आहेत." त्यांची असतील. माझे पहिलेच आहे. मला कोणी फूस लावलेली नाही. ज्यांनी दबाव आणण्याचा प्रयत्न केला त्यांची नावे पुढे योग्य त्या कलमात येतील. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही; कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे आणि दाखवणाऱ्यावर लक्ष ठेवावे.

माझे वकील श्री. गुरुदत्त टिपणीस यांनी मला छापील नमुना दिला आणि बजावले, "रमाताई, मुद्द्यापुरतं लिहा. कारणं लिहिलीत की वारस कारणांवरून भांडतात." माझ्या माहेरी कारणे न लिहिल्यामुळे दोन भाऊ जन्मभर भांडले. त्यामुळे मी कारणे लिहिणार आहे. जिथे खाडाखोड असेल तिथे शेजारी माझी सही असेल. खाडाखोड होणार हे मला आत्ताच दिसते आहे, कारण माझे अर्धे लक्ष फोनकडे आहे. माझ्या सफाईच्या टोळीतली मनिषा आज सकाळी कामावर आली नाही आणि तिचा फोन बंद आहे.

घर, ठेवी, दागिने यांची वाटणी मी करीन, ती सोपी आहे. माझ्या जिवाला घोर आहे तो एकच. मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठले नाही, तर माझ्या टोळीतल्या बायकांचे काय होईल?

कलम १. राहते घर

माझ्या मालकीचा राहता फ्लॅट माझा एकुलता एक मुलगा विश्वजीत याला द्यावा. तो पुण्याला असतो आणि फ्लॅट विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावा. फक्त आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मेव्हण्याला विकू नये. 'कामवाल्या बायकांनी जिना वापरावा' अशी पाटी लिफ्टमध्ये लावणारे हेच ते सेक्रेटरी. मी ती पाटी काढून त्यांच्या दाराला लावली, तेव्हापासून आमचा नमस्कार बंद आहे. तो माझ्या दहाव्यालाही सुरू करू नये.

कलम २. ठेवी

बँकेतील ठेवींपैकी अर्ध्या विश्वजीतला आणि अर्ध्या माझी सून अनुया हिला द्याव्यात. अनुयाच्या त्या तिच्या एकटीच्या खात्यात जाव्यात, जोड खात्यात नव्हेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही अनुयानेच करावी. मुलगा असताना सुनेला का नेमले, असे कोणी विचारील. तर हा परिच्छेद लिहीत असतानाच तिचा फोन आला.

"आई, मी सांगितलं असं म्हणू नका हं."

"काय सांगितलंस?"

"विश्वजीत मागच्या आठवड्यात त्या सफाई कंत्राटदार इंद्रजीतना भेटून आले. तुमच्या सफाईच्या इमारती त्यांच्याकडे द्यायचं बोलणं झालंय. आणि उलव्याच्या इमारतीत त्यांनी आजपासून ट्रायल सुरू केलीय म्हणे."

अनुया, लिहिले बघ. आता सगळ्यांना कळेल. मला क्षमा कर, पण खरे बोलणारे माणूस घरात एकच असेल तर त्याच्याच हाती कारभार द्यावा लागतो, आणि का दिला तेही सांगावे लागते.

मनिषा कुठे गेली असेल ते मला त्या क्षणी कळले. ती उलव्यालाच राहते.

मी विश्वजीतला फोन लावला.

"आई, तू ऑपरेशनला चाललीयस की निवडणुकीला? सकाळपासून कोणाकोणाला फोन करतेयस?"

"तू इंद्रजीतला शब्द दिलास?"

"शब्द नाही दिला गं. बोललो फक्त. कोणीतरी बघायला नको का? उद्या तुला काही... म्हणजे तू विश्रांती घेशील तेव्हा."

"'तुला काही'च्या पुढचं वाक्य पूर्ण कर."

त्याने ते वाक्य सोडून दिले. मग म्हणाला, "तो बायकांना काढणार नाहीये. फक्त पद्धत बदलणार. एका मजल्याला एक बाई. सगळीकडे तसंच चालतं."

मी फोन ठेवला. वेणूला, म्हणजे टोळीच्या मुख्य बाईला, कळवले. ती आमचे सामान नेणाऱ्या धनेशच्या टेंपोत बसून उलव्याला निघाली आहे. ती परत येईपर्यंत मला हे लिहीत बसण्याशिवाय दुसरे काही करता येत नाही. जिना चढायला डॉक्टरांची बंदी आहे, आणि मी एवढ्यात मेले तर हा कागद अर्धवट राहील.

कलम ३. दागिने

माझ्या पाटल्या माझ्या नणंदबाई रेवावन्सं यांना द्याव्यात. निवृत्तीनंतर मी सफाईचा धंदा काढला तेव्हा त्या भर हळदीकुंकवात म्हणाल्या होत्या, "वहिनी, कॉन्व्हेंटात शिकून शेवटी संडासच का?" मी म्हटले, "वन्सं, तुमच्या घरचा बघून आल्यावर राहवलं नाही." दोघींनीही ते मनात ठेवले. पाटल्या घालून त्यांनी आता विसरून जावे. मी विसरले आहे, हे यावरून दिसतेच आहे.

कॉन्व्हेंटविषयी एक नोंद. तिथे मला इंग्रजी आले असे लोकांना वाटते. इंग्रजी पुढे ऑफिसात आले. तिथे आले ते फरशी पुसणे. बोलक्या मुलींना शिक्षा म्हणून प्रार्थनेच्या दालनातली बाके पुसावी लागत, आणि मी फार बोलत असे. आमच्या सिस्टर आधी वरचे कोनाडे, मग बाके, मग फरशी असा क्रम लावत. फरशी पुसताना पाठ दाराकडे. "आपल्याच पायाचे ठसे मागे ठेवून जाणारी मुलगी मला नको," असे त्या म्हणत. पुढे हेच मी वेणूला ऐटीत शिकवायला गेले तर ती हसत सुटली. "बाई, ह्ये काय शिकवता? भात लावताना आमी मागंमागंच चालतो."

कलम ४. व्यवसाय

'कर्णिक हाऊसकीपिंग' या नावाने मी पनवेल, उलवे आणि द्रोणागिरी इथल्या व्यापारी इमारतींची सफाई करते. तिथे आम्हाला 'बाईची टोळी' म्हणतात. मला ते नाव आवडते, पण पावतीवर छापता येत नाही.

हा धंदा का काढला ते आधी सांगते, म्हणजे पुढच्या अटी कळतील. न्हावा शेव्याला जहाजांवरचा माल सोडवून देणाऱ्या एका कंपनीत मी प्रशासन पाहत असे. सफाईचे कंत्राट या इंद्रजीतकडे होते. एक मजला, एक बाई. कागदावर फार छान दिसते: जबाबदारी ठरलेली, माणसे कमी, मालक खूश. वरच्या मजल्यावर कमळाबाई नावाच्या बाई एकट्या असत. एकदा संडासातला डाग हटेना. ब्लीचिंग पावडर टाकून झाली होती, तरी डाग तसाच होता, म्हणून त्यांनी तिच्यावरच ॲसिड ओतले. दोन्हींनी डाग जातो, तर दोन्ही मिळून लवकर जाईल, असे त्यांना वाटले. मन लावून काम करणाऱ्या बाईलाच असे वाटते. अंगचोर बाई डाग तसाच ठेवून खाली येते. खिडकी बंद, दार लोटलेले. त्या धुराने कमळाबाई जागच्या जागी कोसळल्या. मजल्यावर दुसरे माणूस नव्हते. चहा घेऊन येणारा माणूस नेहमीपेक्षा लवकर आला म्हणून त्या वाचल्या. आजही एक जिना चढल्या की त्या पायरीवर बसतात.

इंद्रजीत मला म्हणाला होता, "मॅडम, बाईला वाचता येत नाही, त्याला मी काय करू?"

बाटलीवर वाचायला काहीच नव्हते. मी ती स्वतः हातात घेऊन पाहिली होती.

निवृत्त झाल्यावर मी टोळी काढली आणि पहिली नेमणूक कमळाबाईंची केली. त्यांच्याकडे सगळ्या इमारतींच्या चाव्या असतात. टोळीतल्या सगळ्या जणी समोर उभ्या राहिल्याशिवाय त्या चावी देत नाहीत. एकदा द्रोणागिरीच्या गोदामाचे मॅनेजर फोनवर ओरडत होते की ऑफिस उघडले नाही. कमळाबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तीन जनी आल्यात, चौथी रिक्षात हाय. बायका पुऱ्या झाल्या का चावी सुटंल." मॅनेजरांनी माझ्याकडे तक्रार केली. मी त्यांना चांगल्या इंग्रजीत तेच सांगितले.

आमची पद्धत अशी. टोळी इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यापासून सुरू करते आणि सगळी मिळून खाली येते. पहिली बाई पुढे जाऊन डबे रिकामे करते, खुर्च्या सरकवते आणि खिडक्या उघडते. दुसरी तिच्या मागून टेबले पुसते, दारापासून निघून उजव्या हाताची भिंत धरून पुन्हा दारापर्यंत. तिसरी संडास-बाथरूम करते आणि चौथी तिच्या हाकेच्या अंतरावर राहून फरशी पुसते. संडासाचे फडके लाल, टेबलाचे निळे, चहाच्या जागेचे हिरवे. ॲसिड आणि पावडर एका बादलीत, एका ट्रॉलीत, एका हातात कधीच नाहीत. लोक विचारतात, चौघी एकाच मजल्यावर म्हणजे वेळ जास्त लागत असेल. उलट आहे. एकटी बाई बादली ठेवते, फडके बदलते, हातमोजे काढते, पुन्हा घालते. तिचा वेळ वस्तू बदलण्यात जातो. आमच्या बाईच्या हातात एकच काम असते, त्यामुळे हात थांबत नाही. ऑफिसात पहिला माणूस येईपर्यंत फरशी वाळलेली असते. हे इंद्रजीतला समजावले होते. त्याने ऐकले नाही, कारण त्याला सफाई झटपट करून नको होती. त्याला बायका कमी हव्या होत्या.

म्हणून माझ्या मृत्यूनंतर हा व्यवसाय, त्याचे नाव, यंत्रे, ट्रॉल्या आणि चालू करार हे सर्व वेणू धर्मा घरत हिला द्यावे. अटी: कोणतीही बाई एकट्या मजल्यावर जाणार नाही, बिनलेबलाची बाटली इमारतीत जाणार नाही, आणि व्यवसाय इंद्रजीतला किंवा त्याच्या वतीने येणाऱ्या कोणालाही विकला जाणार नाही.

(हे कलम पुढे रद्द केले आहे. कारण खाली येईल. र. चा. कर्णिक)

कलम ५. इतर वस्तू

टेंपो अजून आलेला नाही. वेणूचा फोन लागतो, पण ती उचलत नाही. मी दोनदा गॅलरीत जाऊन आले. जिना चढायला बंदी आहे, गॅलरीला नाही. तोवर किरकोळ वस्तूंची वाटणी करते.

माझा पांढरा रुमाल दिपिकाला द्यावा. काम झाल्यावर मी तो दाराच्या चौकटीवरून फिरवत असे आणि मोठमोठे मॅनेजर श्वास रोखून उभे राहत. दिपिका टोळीत सर्वांत लहान आहे. तिला धूळ दिसते, पण ती बोलायला घाबरते. हातात रुमाल असला की बोलावे लागत नाही.

'सावधान, फरशी ओली आहे' अशी एक पिवळी पाटी माझ्या स्वयंपाकघरात आहे. ती इंद्रजीतला द्यावी. त्याने ती आपल्या ऑफिसच्या दारात उभी करावी, म्हणजे नोकरी मागायला आत शिरणाऱ्या बायका जपून पाऊल टाकतील.

माझ्या यजमानांची, कै. चारुदत्त यांची छत्री आणि आराम खुर्ची कमळाबाईंना द्यावी. ते हयात असते तर त्यांनीच दिली असती. टोळीच्या पहिल्या दिवशी घरातले सगळे तोंड फिरवून बसले होते तेव्हा त्यांनी आमच्या ट्रॉलीच्या चाकांना तेल घातले होते.

माझ्या दिवसकार्याला पंगत घालावी, पण मागची आवराआवर अनुयाच्या एकटीच्या गळ्यात टाकू नये. विश्वजीतला फरशी पुसता येते. मी स्वतः शिकवले आहे. तो लोकांसमोर नाही म्हणेल.

माझा देह घरी आणला तर नंतर घरभर फिनेल ओतू नये. साध्या पाण्याने पुसावे, आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

डॉक्टरांनी सांगितले आहे की गुरुवारी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायचे नाही. मला मरणाची भीती वाटते का? वाटते. पण आत्ता या घडीला जी वाटते आहे ती वेगळी आहे. आत्ता मला तो उलव्याचा वरचा मजला दिसतो आहे, आणि बंद खिडकी.

कलम ६. आज दुपारी जे घडले

टेंपो आला. मनिषा स्वतःच्या पायांनी जिना चढून आली. तिच्या मागून वेणू, आणि धनेश दारात चपला काढत उभा.

"काही झालं का तुला? डोळे बघू."

"काही नाही बाई. मी ओतलंच नाही."

"काय ओतलं नाहीस?"

"रागावू नका. ते पगार जास्त देतो म्हणाले म्हणून गेले. गेल्या गेल्या खाली फोन नि पिशवी जमा करून घेतली. वर संडासात दोन बाटल्या ठेवलेल्या, एकीवर पण नाव नाही. मजल्यावर विचारायला कोणी नाही. खाली आले तर सुपरवायझर म्हणतो, 'तुमच्या बाईनं तुम्हाला डॉक्टर केलंय का? ओत आणि घास.' मग मी जिन्यात जाऊन बसले. पिशवी त्यांच्याकडं, जाऊ कुठं?"

"रडत होतीस?"

"नाही. वैतागले होते."

धनेशला राहवले नाही. "बाई, वेणूताईनं काय केलं इचारा. दोनी बाटल्या घेऊन खाली गेली, सुपरवायझरच्या टेबलावर ठेवल्या नि बोलली, 'यातली कंची बी एक तू पी. मंग आमी तिच्यावर नाव लिवतो.' पिशवी लगेच दिली त्यानं."

सगळे हसले. मीही हसले, आणि मग माझ्या छातीत दुखायला लागले. मनिषाने पाणी दिले. थोड्या वेळाने दुखायचे थांबले. ते झडपेचे दुखणे होते की हसण्याचे, हे मला माहीत नाही.

मी वेणूला चौथे कलम वाचून दाखवले. मला वाटले ती डोळ्यांना पदर लावील. तिने कमरेला खोचला.

"बाई, मना नको."

"का?"

"तुमी मेल्यावर देनार. मंग आमी रोज सकाळी देवाकडं काय मागायचं? बाईला बरं कर, का बाईला लवकर ने?"

मी कागद खाली ठेवला. वेणूचे संपले नव्हते.

"नि माज्या एकटीच्या नावावर तर नकोच. इमानतळात आमची जमीन गेली तवा पैसं कोनाच्या नावावर आलं नि कुटं गेलं, तुमाला ठावं हाय. ह्ये माज्या नावावर आलं का माजा दीर दुसऱ्या दिशी इंद्रजीतच्या गाडीत बसंल. तुमच्या पोरानं तरी पुन्यास्नं येऊन बोलनं केलं. माज्या घरचे चालत जातील."

"मग काय करू मी? परवा मला नेतायत. माझ्याकडे उद्याचा एक दिवस आहे."

"चौगींना द्या. कमळाबाई, मनिषा, दिपिका नि मी. एकीला फोडता येतं, चौगींना येळ लागंल त्याला. नि आज द्या. तुमी शुद्धीवर हाव तवर."

मनिषा म्हणाली, "मला नका देऊ बाई. मी तर आज पळून गेले होते."

"म्हनून तर तुला," वेणू म्हणाली. "तू जाऊन बघून आली. आता परत जानार नाय."

आयुष्यभर मी या बायकांना कोणाला एकटे सोडू नका म्हणून सांगत आले, आणि सगळा कारभार मात्र एकटीच्या मुठीत ठेवून वरच्या मजल्यावर बसले होते. मेल्यावर देण्यात माझे काय गेले असते? काहीच नाही. म्हणूनच ते मला इतके सोपे वाटले असावे.

गुरुदत्त टिपणीस यांना मी फोन केला. ते म्हणाले, "रमाताई, मृत्युपत्र करताय की भागीदारी? एकदा ठरवा." मी म्हटले, दोन्ही, आणि आजच. ते स्टॅम्प पेपर घेऊन आले, तोवर धनेशने कमळाबाई आणि दिपिकाला टेंपोतून आणले होते. भागीदारीचा करार झाला आहे. चौघी समान भागीदार, मी त्यात नाही. विकायचे असेल तर चौघींच्या सह्या लागतील, तिघींच्या चालणार नाहीत. कलम चारमधल्या सगळ्या अटी त्या करारात जशाच्या तशा घातल्या आहेत. इमारतींच्या मालकांची संमतीपत्रे गुरुदत्त मिळवतील. उलव्याचा मालक देणार नाही असे मला वाटते. त्याची इमारत हातची जाईल. ती गेली तर वेणूने मनाला लावून घेऊ नये; त्या इमारतीतल्या खिडक्या तशाही उघडत नाहीत.

विश्वजीतला मी हे फोनवर सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे मला काहीच नाही?" मी म्हटले, घर आहे, अर्ध्या ठेवी आहेत. तो म्हणाला, "ते नाही गं. मला वाटलं होतं, तुझ्या मागे मी काहीतरी सांभाळतोय असं तुला वाटेल." त्याला असे वाटत असेल हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मी त्याला उद्या पनवेलला यायला सांगितले आहे. इंद्रजीतला नाही म्हणून सांगायचे काम त्याने स्वतः करावे. ते सांभाळले तरी पुष्कळ आहे.

तेव्हा कलम ४ मी याद्वारे रद्द करत आहे. त्यात लिहिलेली मालमत्ता आता माझी नाही, आणि जे माझे नाही ते मला कोणाला देता येत नाही. या वाक्यातले अक्षर वाकडे आले आहे. ते माझेच आहे.

गुरुवारी मी टेबलावरून उठले तर पुढे काय करावे, याची तरतूद मृत्युपत्रात करता येत नाही, असे गुरुदत्त म्हणतात. मी वेणूला विचारले. ती म्हणाली, "आदी उठा."

कलम ७. साक्षीदार

मी हे मृत्युपत्र वाचून, समजून, खाली सह्या करणाऱ्या दोघांच्या देखत सही करत आहे, आणि त्यांनी माझ्या देखत केली आहे. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे गुरुदत्त यांनी सांगितले. वेणूला आता या कागदातून काहीही मिळत नाही, म्हणून तिला साक्षीदार होता आले. धनेशने विचारले, "मना पन काय नाय ना यात? मंग आनतो चष्मा."

साक्षीदाराच्या नावापुढे व्यवसाय लिहावा लागतो. वेणू पेन हातात धरून थांबली. तिने आजवर प्रत्येक कागदावर तिथे 'घरकाम' लिहिले आहे, रेशनकार्डापासून दवाखान्यापर्यंत.

"काय लिवू गं?" तिने मनिषाला विचारले.

"मालक लिही."

"चौगी हाव ना आपन. खोटं कशाला लिवू?"

तिने जे लिहिले ते वाचून गुरुदत्त म्हणाले की असा काही व्यवसाय नसतो, 'भागीदार' लिहा. मी त्यांना सांगितले की माझ्या मृत्युपत्रात साक्षीदाराला जे खरे वाटते तेच राहील.

ठिकाण : जुने पनवेल
दिनांक : मंगळवार, २१ जानेवारी २०२५

लिहून देणार : रमा चारुदत्त कर्णिक (सही)

साक्षीदार :

१. धनेश काशिनाथ ठाकूर, राहणार उलवे. व्यवसाय : टेंपोचालक (सही)

२. वेणू धर्मा घरत, राहणार उलवे. व्यवसाय : पाव मालक (सही)